ओरडली, म्हणजे नेमकं काय?

कळंब तालुका,
१४ ऑक्टोबर २०१७

प्रिय रजनीताई,

सा. न. आम्ही सगळे ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. पियूषचा खोकला गेला. फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र.

आमच्या कपाशीत फवारणी करताना धर्मपालला विष चढलं नि तिसऱ्या दिवशी तो गेला, हे तुला माहीत आहे. चौकशीला दिल्लीचे लोक आलेत. त्याच्या बायकोचा, प्रभावतीचा जबाब त्यांना उद्या सकाळी इंग्रजीत हवा, आणि गावात इंग्रजीची मॅडम मी एकटीच. ती म्हणते, "मी लय वरडली, कोणी आलं नाही." हे कसं लिहू? तू कॉलेजात इंग्रजी शिकवतेस. शाउट म्हणजे कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. येलमध्ये थोडा राग येतो. स्क्रीम भीतीनं आपसूक निघतं, श्रीक त्याहून बारीक. हाउल लिहिलं तर बिचारी जनावर वाटेल. पत्र पोचेपर्यंत जबाब गेलेला असेल, हे कळतं मला. तरी विचारते.

हे म्हणतात, "स्क्रीमच लिही. हाक मारली असं कायले लिहितं? मंग कोणी गेलं काहून नाही, हे विचारतीन."

मी प्रभावतीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पहिले तुमचंच नाव घेतलं नं. प्राची मॅडम, धावा म्हटलं. मंग नुस्ती वरडली."

ताई, त्या दुपारी मी वावरातल्या घरी पेपर तपासत होते. रानडुकरं हाकलायला इकडे बाया दिवसभर आरोळ्या देतात. तसंच काही वाटलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. खोटं आहे ते. डुकराला कोणी माझ्या नावानं हाकलत नाही. सकाळी धर्मपाल चक्कर येते म्हणाला, तेव्हा यांनी "नाटकं नको करू" म्हणून त्याला पुन्हा पंप लावायला पाठवलं होतं. यांच्याशी भांडण नको म्हणून मी उठले नाही. अर्धा तास पेपर तपासले. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

जबाबात दोन्ही लिहिलंय, आधी शाउट, मग स्क्रीम. खाली माझाही जबाब जोडलाय. यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या कागद देऊन पियूषला घेऊन तुझ्याकडे निघेन. पत्राआधी मीच पोचेन बहुधा, दार उघडशील ना?

हाक ऐकून बसून राहिलेली,
तुझी प्राची