घागऱ्याचा आतला खिसा

प्रिय अहो,

तुमच्या फोटोसमोर बसून विचारून झालं, तुम्ही काही बोलत नाही. म्हणून लिहितेय. दुपारी हॉटेलचा मॅनेजर उत्तर मागायला येणार आहे.

शर्टांची फॅक्टरी बंद पडली आणि पाठोपाठ तुम्हीही गेलात. तुमच्या नावावरचा आमचा व्हिसा या महिन्यात खलास! निखिलची दहावीची परीक्षा तोंडावर. काल विचारत होता, "आई, बोर्ड्स होईपर्यंत आपण मस्कतमध्येच ना? प्रॉमिस?" काय सांगू त्याला?

इथे रुवी भागात आता काम मिळतं ते हॉटेलांतल्या त्या नाचगाण्याच्या हॉलमध्ये. फॅक्टरीत तुमच्या लाइनवर असलेला सलीम तिथे वेटर झालाय. तुम्हालाही बोलावलं होतं, मुलींचे कपडे शिवायला. "मी शर्ट शिवणारा माणूस, नाचाचे घागरे शिवणार नाही," म्हणालात आणि पंख्याकडे बघत पडून राहिलात. केवढा तो ताठा! रागावू नका, पण मला राग आहेच.

आता तेच काम मला देतायत, व्हिसासकट. आधी नमुन्याचा एक घागरा शिवून मागितलाय. माप द्यायला तिथे नाचणारी रेश्मा आली, आपल्या चिपळूणकडची, अगदी पोरसवदा. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "काकू, आतून एक खिसा लावाल? फोन मावेल एवढा. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. हॉलवर जाताना फोनपण काढून घेतात. कुणी हात धरला तर बोलावू कुणाला?"

आणि मॅनेजरने मला आधीच बजावलंय, "खिसा नहीं होना. मिला तो आपका व्हिसा खलास, समझी?"

फॅक्टरीत कुणी कॉलर लावायचं, कुणी कफ. तुम्ही इतकी वर्षं फक्त खिसे लावलेत. मी चिडवायचे, "खिसेमास्टर, अख्खा शर्ट कधी शिवणार?" तुम्ही हसून मला घरच्या मशिनवर बसवायचात. कोपऱ्याला दुहेरी टीप मार, म्हणायचात, नाहीतर तिथूनच उसवतो. किती कंटाळायचे मी!

काम घेतेय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण शब्द देते, माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक घागऱ्याला आतून खिसा असेल, अस्तराच्याच कापडाचा, चुण्यांत दडलेला. भीती वाटते हो, निखिलकडे बघितलं की जास्तच. पण रेश्माचा घागरा तयार आहे. खिशाच्या कोपऱ्यांना दुहेरी टीप मारलीय.

तुमचीच,
सुमती