जाईची मान

अमरावती, ता. ४ डिसेंबर १९६३

सौ. भागीरथा हिस सप्रेम जयभीम वि. वि.

तुझी जाई खुशाल आहे. म्हणजे जेवते भरपूर. अकराव्या वर्षीच तिला माझं पोलकं घट्ट होऊ लागलं! पण शाळेत तिच्याजवळ कोणी बसत नाही. मानेवर काळे पट्टे आलेत, पोरी त्याला मळ म्हणतात. ती केस मोकळे सोडून मान झाकते आणि मधल्या सुट्टीत एकटीच तुझे लाडू संपवते. तू तिला शिकायला माझ्याकडे ठेवलीस, माझ्या एकटीचं घर भरलं, पण लेकरू माझ्याहून एकटं पडलं.

तुझी ताई,
सुंदरा

अकोला, ता. ९ डिसेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

मळाचं वाचून अंगाची लाही लाही झाली. आपल्याले अस्वच्छ म्हणायला लोक टपलेलेच असतात. तिला टाचा घासायच्या वज्रीनं घास, रडली तरी सोडू नको. जाड म्हणणाऱ्यांना म्हणू दे. लहानपणी आपण दोघी उपाशी निजलो, माझी पोर तरी पोटभर खाऊ दे. यांच्या हाती गुळाचे लाडू धाडले आहेत.

तुझी भागी

अमरावती, ता. १९ डिसेंबर

सौ. भागीरथा हिस जयभीम.

घाबरू नकोस, पण बसून वाच. जाईनं वज्रीनं स्वतःच मान घासून रक्त काढलं. डॉक्टरांकडे नेली. त्यांनी मान पाहिली, तहान किती लागते ते विचारलं आणि तिची लघवी निळ्या औषधात उकळली. ती विटकरी झाली, म्हणजे लघवीत साखर आहे. मळ नाही म्हणाले. वजन फार वाढलं की मान अशी काळवंडते, आणि अंगातली साखर अंगालाच वापरता येत नाही. गूळ-साखर बंद, भाकर मोजकी, रोज चालणं. वजन उतरलं तर साखरही उतरेल, अशी त्यांना आशा आहे.

साखरेचं जाईनं काहीच विचारलं नाही. मंग मी मयकट नाई ना, एवढंच घरापर्यंत विचारत राहिली. मला रडू आवरेना.

सुंदरा

अकोला, ता. २३ डिसेंबर

ती. ताईस जयभीम.

पत्र वाचून दिवसभर चूल पेटवली नाही. रविवारी येते. पोरीकडे जाताना लाडवांशिवाय काय न्यावं, ते मला कळतच नाही. रिकाम्या हातानं येतेय, रिकामी पिशवी पाहून ती हिरमुसेल. तिला आधीच सांगून ठेव.

सोमवारी मीच तिच्या वेण्या वर बांधीन आणि शाळेपर्यंत तिच्यासोबत चालत जाईन. मान दिसली तर दिसू दे.

माझ्या वाटचा लोभ तोवर तिलाच दे.

तुझी भागी