विषय क्रमांक चार

३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी समन्स आलं. एका लग्नाच्या फोटोसाठी काच कापत होते, तेवढ्यात कोर्टाचा माणूस दुकानाच्या दारात उभा राहून सही मागायला लागला आणि काच वाकडी गेली. तीस वर्षं फ्रेमा करतेय, पण इतकी वाकडी काच कधी कापली नव्हती. गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या या. आज तो आला तर पुन्हा तेच सांगितलं, कारण हात अजून थाऱ्यावर नाही.

फोन करणार होते. पण दावा लावणाऱ्या डॉक्टरांचा तू साक्षीदार आणि मी प्रतिवादी, तेव्हा फोनवर बोलायचं नाही असं माझ्या वकीलबाईंनी बजावलंय. पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत. तसंही फोनवर आपण भांडतोच, पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

दाव्याचा कागद तीनदा वाचला. सकाळी फिरायला जाणारी आपण सात माणसं, बंद साबण फॅक्टरीची जागा घेऊन तिथे फ्लॅट बांधायला निघालो, तेव्हाच कुणीतरी आपल्याला घरी बसवायला हवं होतं. पाऊस पडला की ज्या जमिनीतून फेस येतो, तिथे इमारतीला परवानगी मिळेल असं सात शहाण्यांना वाटलं तरी कसं! परवानगी नाकारली, कर्जापायी बँकेने आपल्यातल्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना घेतला, हे खरं आहे आणि त्यांचं मला वाईटही वाटतं. पण आता ते म्हणतात की तोटा सातही जणांनी भरायचा, वेळ पडल्यास राहतं घर विकून, असं पाचव्या सभेत विषय क्रमांक चारवर ठरलं होतं. पुरावा म्हणून तुझ्या सुंदर अक्षरातली इतिवृत्ताची वही जोडलीय. वर हजेरीत माझी सही, खाली सर्वानुमते मंजूर.

दादा, मी त्या सभेतून उठून गेले होते. घातलेल्या पैशावर पाणी सोडीन पण घर देणार नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर सांगून गेले होते. तू तुझा वाटा द्यायला कबूल होतास, ते तुझं तू. माझं मात्र खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढंच आहे. ते गेलं तर या वयात काचा कुठे कापू? जप्तीच्या यादीत माझं घर तिसरं आहे. तुला सगळं आठवतंय ना, तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसा ठेव, कोर्टाच्या तारखेसारखा पुढे ढकलू नकोस.

तुझी
बारकी

११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अठ्ठावन्न वर्षांची झालीस, तरी तुझ्या नावामागे चि. लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही.

आठवतंय. न आठवायला काय झालं? तू खुर्ची मागे सारून उठलीस, घर देणार नाही म्हणालीस आणि दार असं आपटलंस की डॉक्टरांच्या टेबलावरचे सगळे कप हलले. आपल्यातल्या औषधाच्या दुकानवाल्याच्या पँटवर चहा सांडला. मग डॉक्टर मला म्हणाले, लिहा पुढे. मी लिहिलं.

शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं मी इतिवृत्तं लिहिली. दोन शिक्षक एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले तरी सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, असंच लिहीत आलो. आई म्हणायची, ह्याला महायुद्धावर नेमलं तर हा लिहील, अल्पोपाहारानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांचे आभार मानले. भांडण कागदावर उतरलं की मुरतं, अशी माझी समजूत. त्या दिवशीही वाटलं, बहीण रागावलीय, आठवडाभरात निवळेल, कशाला कायमचं लिहून ठेवायचं? म्हणून सवयीने सर्वानुमते लिहिलं. मनात काही वाईट नव्हतं गं.

आता मात्र रात्री झोप लागत नाही. सहा मार्चला माझी साक्ष आहे. वही तुमच्या हातची का, एवढंच विचारतील असं डॉक्टरांचे वकील म्हणतात. वही माझ्या हातचीच आहे, त्यात लपवायचं काय? त्याआधी तडजोडही होईल कदाचित. तू धीर धर. काचेला हात थरथरत असेल तर तोवर लाकूडकाम उरकून घे.

लोभ आहेच, तो सिद्ध करायला साक्षीदार लागू नये.

तुझा
दादा

१९ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर पाठवू नका.

परवा डॉक्टर घरी येऊन गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी. ह्यांना म्हणाले, वहीतला शब्द खोटा ठरला तर चिटणीस म्हणून जबाबदारी तुमची, मग बहिणीचा वाटाही तुमच्याच घरातून निघेल. ते गेल्यापासून हे जेवायच्या टेबलाशी बसून जुन्या वह्या चाळतात. काल भाजीत मीठ घालायचं राहिलं, तरी छान झालीय म्हणाले. असलं खोटं हे नेहमीच बोलतात, ते तुम्हाला नवीन नाही. पण काल ह्यांना खरंच कळलं नव्हतं.

वन्सं, तुमच्यापाशी मी कधी आडपडदा ठेवला नाही. मला भीती वाटते. आमचा वाटा ह्यांच्या शिलकीतून कसाबसा भरतोय. त्यात तुमचा आला तर हे घर राहत नाही. तुम्हाला तुमचं दुकान तसा मला हा ओटा, छत्तीस वर्षं इथे उभी आहे. तुम्ही मागितलंत तर हे नाही म्हणणार नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगते, मागू नका. आणि ह्यांनी पत्रात काही भलतंसलतं लिहिलं असेल तर फाडून टाका. लिहायला बसले की हे वाहवतात.

रागावलात तर रागवा, पण माझ्याशी बोलणं टाकू नका.

तुमची
वहिनी

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तुझं अकरा तारखेचं पत्र परत पाठवतेय.

काल वकीलबाई दुकानात आल्या होत्या. सभेतून मी उठून गेले याचा एखादा कागद, चिठ्ठी, काहीही आहे का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. असेल तर घर यादीतून निघेल, नाहीतर कठीण आहे म्हणाल्या. तुझं पत्र त्यांच्यापासून दोन हातांवर, पट्ट्या ठेवायच्या खणात होतं. मी नाही म्हटलं. त्या गेल्यावर शटर ओढून घेतलं आणि पोटभर रडले.

तुझा मला राग आलाय दादा. तुझ्या एका शब्दापायी माझं घर चाललंय आणि तू मला लाकूडकाम करायला सांगतोस! कुणाला वाईट वाटू नये म्हणून तू आयुष्यभर गोड लिहिलंस, पण त्यात मला काय वाटेल हे तुझ्या ध्यानातच आलं नाही. हा राग नीट नोंदवून घे. सर्वानुमते नाही, माझ्या एकटीच्या मताने.

पण ते पत्र तू बहिणीला लिहिलंस, कोर्टाला नाही. तेच उचलून तुझ्यावर उगारायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. जवळ ठेवलं तर एखाद्या दिवशी धीर सुटेल आणि देऊन बसेन. म्हणून परत पाठवते. फाडून टाक.

मी आवराआवर सुरू केलीय. लोकांनी करायला टाकलेल्या आणि न्यायला न आलेल्या फ्रेमा एकवीस निघाल्या. कुणाचे आजोबा, कुणाचं पहिलं बक्षीस. ती सगळी माणसं भिंतीवरून माझ्याकडे बघतात. त्यांना घेऊन जाऊ कुठे?

लोभ असू दे. आज ते लिहायला जड जातंय, तरी लिहिते.

बारकी

१२ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुला ताप होता म्हणून तू साक्षीला आली नाहीस. निकाल वकीलबाईंनी कळवला असेलच, बाकीचं मी सांगतो.

पत्र फाडलं नाही. पाच तारखेला संध्याकाळी तुझ्या वहिनीपुढे ठराव मांडला की हे पत्र कोर्टात द्यावं. सभासद दोन. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग मी एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं, एक मत बाजूने, एक विरोधात. सबंध आयुष्यात पहिल्यांदा विरोध नोंदवला, तोही घरातला. वर लिहिलं की पत्र माझं, तेव्हा निर्णयही माझा. तिने पान वाचलं, अक्षर चांगलं आलंय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या माझ्या शर्टाला इस्त्री करायला घेतली.

कोर्टात डॉक्टरांच्या वकिलांनी वही दाखवून विचारलं, अक्षर तुमचं का? हो म्हणालो. मग खिशातून पत्र काढलं आणि हेही माझंच अक्षर आहे म्हणालो. एकच गडबड उडाली. आधी का दिलं नाही म्हणून न्यायाधीशबाई चांगल्याच रागावल्या. मग त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवून विचारलं, यातलं खरं कोणतं? म्हणालो, पत्र. वहीत मी कुणाचं मन दुखू नये म्हणून लिहितो. मग त्यांनी औषधवाल्याला उभं केलं. त्याने खाली बघत चहा सांडल्याचं कबूल केलं.

परवा हुकूम निघाला. तुझं घर यादीतून वगळलं. खोटी नोंद माझी, म्हणून तुझ्या वाट्याचा भार माझ्यावर आला. जूनपर्यंत आम्हाला घर विकावं लागेल. डॉक्टर कोर्टाच्या जिन्यात भेटले, तोंड फिरवून खाली उतरले. त्यांचा दवाखाना गेलाय, मी त्यांना काय बोल लावू? आम्ही भाड्याची खोली बघतोय. वहिनी दिवसातून तीनदा ओटा पुसते. मला भीती वाटते बारकी, खूप वाटते. पण झोप लागते.

तुझा राग नोंदवून घेतला आहे. त्याखाली जागा सोडलीय, जमेल तेव्हा लोभही लिही.

तुझा
दादा

१७ मार्च

ती. दादास व ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

ताप उतरला. लग्नाच्या फोटोची काच काल एका दमात सरळ कापली. गिऱ्हाईक म्हणाला, मला वाटलं, आता पहिल्या बाळाचाच फोटो लावावा लागणार.

दादा, वहिनी परवा भाजी आणायला म्हणून निघाल्या होत्या ना? त्या माझ्याकडे आल्या होत्या. मीच बोलावलं होतं. येताना पिशवीत टेप घेऊन आल्या, वरच्या खोल्यांची मापं घेतली आणि माझा ओटा दोन बोटं बुटका आहे म्हणाल्या. मग दुकानात बसून आम्ही रीतसर सभा घेतली. इतिवृत्त असं.

हजर, वहिनी आणि मी. विषय एक, रस्त्याकडची मोठी खोली दादा-वहिनींची, मागची माझी. विषय दोन, ओटा उंच करून घ्यावा. विषय तीन, न्यायला न आलेल्या एकवीस फ्रेमांच्या मालकांना दादाने आपल्या सुंदर अक्षरात पत्रं लिहावीत, आणि त्यात काय ते खरं लिहावं. विषय क्रमांक चार, भाडं, उपकार, संकोच असले शब्द दादाने या घरात काढू नयेत.

तू हजर नव्हतास. असतास तर विषय चारला विरोध केला असतास, दारही आपटलं असतंस. तरी चारही ठराव सर्वानुमते मंजूर झाले आहेत.

लोभ असावा असं आता लिहीत नाही. हवा असला की जिन्यातून हाक मारीन.

तुझी
बारकी

ता. क. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. वहिनी आणि मी गळ्यात पडून रडलो, ते वहीत लिहिलेलं नाही.