ज्याने त्याने दुसऱ्याचं सांगावं

सर,

परवा इथल्या कॉलेजातल्या दोन मुली घरी आल्या होत्या. त्यांच्या व्याख्यानमालेत यंदा धर्मांवर व्याख्यानं आहेत. वक्ते म्हणून कोणाला बोलवावं, असं मला विचारत होत्या. मी आयुष्यभर प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देत आले. त्यांना मात्र म्हणाले, "विचार करून सांगते." त्या गेल्यावर स्वतःचाच राग आला.

तुमचा नियम मला सांगता आला असता. बौद्ध धर्मांतराला वर्ष होत आलं होतं, खेड्यापाड्यांत विहिरींवरून कुरबुरी चालू होत्या, आणि यवतमाळच्या आपल्या कॉलेजात तुम्ही प्राचार्य या नात्याने व्याख्यानमाला काढलीत. स्वतःच्या धर्मावर कोणी बोलायचं नाही, ज्याने त्याने दुसऱ्याचं सांगावं. "आपलं कौतुक कोणीही करतो. दुसऱ्याचं करायला अभ्यास लागतो." मी विद्यार्थ्यांची चिटणीस. उशिरा येणाऱ्यांना मी दारातच अडवते आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "अगं, तू चिटणीस आहेस की फौजदार?" कापसाची अडत असलेले मुसलमान गृहस्थ गीतेवर बोलले. त्यांच्याइतकं चांगलं मी गीतेवर पुढे कोणाकडूनही ऐकलेलं नाही. एका हिंदू वकिलांनी पैगंबरांचं चरित्र सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावर बसलेले गॅरेजवाले चाचा रुमालाने डोळे पुसत होते. हे मी पाहिलंय. म्हणून तो नियम वाईट होता असं मला म्हणवत नाही.

तिसरं व्याख्यान बौद्ध धर्मावर होतं. वक्ते निवृत्त हेडमास्तर, संस्कृतचे जाणकार. तासभर सुरेख बोलले आणि शेवटी म्हणाले, "बुद्ध हा आपलाच नववा अवतार. आपले बांधव कुठेही गेलेले नाहीत, घरातच आहेत." टाळ्या थांबेनात. तुम्ही वाजवल्या, मीही. माझ्या शेजारी माझी मैत्रीण मांडीवर हात ठेवून बसली होती. बाभुळगावकडची, आपल्या कॉलेजातली एकमेव बौद्ध मुलगी. दर रविवारी आम्ही दोघी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला यायचो आणि तुमच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी जेवायचो. पहिल्या दिवशी ती पाण्यासाठी उंबऱ्याबाहेरच थांबली, तेव्हा काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "उभी काय राहिलीस पोरी? माठ तो आहे, घे आपल्या हातानं." गावात तेव्हा असं दुसरं घर मला ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्या घरातले तुम्ही टाळ्या कशा वाजवल्यात, ते मला उलगडत नाही.

बाहेर पडताना तिने मला गाठलं. "टाळ्या वाजवल्या ना तू?"

"चांगलं बोलले ते."

"घरातच आहो म्हणे आमी. अन् घरात होतो तवा विहिरीवर काहून चढू नाही दिलं?" मी हातातली वही चाळू लागले. तशी ती हसली. "राहू दे. पण घर आमी कायले सोडलं, हे आता घरमालकच सांगन का? माह्या मामाले बोलवा. आमचं आमाले सांगू द्या."

तिचे मामा प्राथमिक शाळेत मास्तर होते. चौथं व्याख्यान आपल्याला देऊ द्यावं, असं त्यांनी तुम्हाला लिहिलं. तीन दिवस ते पत्र तुमच्या टेबलावर होतं. मग तुम्ही मला बोलावलंत. "आज नियम मोडला तर उद्या जो तो आपापला ढोल घेऊन येईल," म्हणालात. नंतर उत्तराचा मजकूर तोंडी सांगितलात. चिटणीस म्हणून सही माझीच असायची. पत्र मी लिहिलं, पोस्टात टाकलं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात बोलायची, पण तुमच्याकडे पुन्हा कधी आली नाही. काकू मात्र भाकरी दोघींच्याच करत होत्या. आणि तुम्ही मला दोनदा विचारलंत, "ते मास्तर आले नाहीत का गं?" मी म्हणाले, नाही.

ते येणार कसे, सर? तुम्ही सांगितलेल्या मजकुरात दोन वाक्यं होती. या वर्षी व्याख्यान देता येत नाही, हे पहिलं. आणि आपण प्राचार्यांच्या घरी येऊन भेटावं, त्यांचं कुठे चुकलं ते त्यांना आपल्याकडून समजून घ्यायचं आहे, हे दुसरं. दुसरं मी लिहिलंच नाही. प्राचार्यांनी प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना असं लिहू नये, असं मला वाटलं. पुढे तुम्ही देवाघरी जाईपर्यंत सहा-सात वर्षं मी तुमच्याच हाताखाली शिकवलं, रोज समोर बसले, आणि बोलले नाही.

तुमचा मान राखला, असं मी मनाशी म्हणत आले. पण कधी वाटतं, ते आले असते, तुम्ही त्यांचं ऐकून घेतलं असतं, आणि टाळ्या वाजवणारी मी एकटीच उरले असते, याची मला भीती वाटली. यातलं खरं कोणतं, ते या वयातही मला सांगता येत नाही. त्या मुलींनाही अजून काही कळवलेलं नाही.