चूक ठरायची सोय

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या आठवड्यात खोपोलीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना मी तुमच्यापाशीच अडले. एका मुलीने प्रकल्पासाठी गृहीतक लिहून आणलं होतं: कामासाठी बाहेर राहणाऱ्या वडिलांना घराची ओढ कमी असते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. ओढ मोजणार कशी? आणि हे खोटं असेल, तर तुला काय वेगळं दिसेल? ती म्हणाली, "मॅडम, पन हे खरंच हाय." तिचे वडील कुठे असतात ते मी विचारलं नाही. मला विचारवेना.

जवळजवळ हेच वाक्य मी एम.ए.ला लिहिलं होतं. आमच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, ही तक्रार आहे. गृहीतकाला चूक ठरायची सोय ठेवावी लागते." मला रागच आला. माझ्याकडे पुरावा होता ना. तुम्ही वर माथेरानला हॉटेलच्या भटारखान्यात, आम्ही खाली पोशीरला, आणि सीझन असो नसो, तुम्ही आपले वरच. अंगणातून डोंगर रोज दिसायचा, तुम्ही सणासुदीलाही दिसायचा नाहीत.

शाळेत असताना आई मला एकदा वर घेऊन आली होती. तुम्ही आम्हाला भटारखान्याच्या मागच्या दारात बसवलंत, पुलाव वाढलात आणि स्वतः उभेच राहिलात. तुमच्या हाताला कांद्याचा वास येतोय. मी तुम्हाला शाळेतलं काहीतरी सांगायला लागते, खूप दिवस साठवून ठेवलेलं, आणि तुम्ही मध्येच म्हणता, "निगा आता. वाटंत अंधार पडंल." माझा घास हातातच राहतो. त्या बोलण्याला मी कितीतरी वर्षं हाकलणं म्हणत आले. आता मीच मुलांना शिकवते की जी गोष्ट दोन्ही बाजूंना बसते, ती कुठल्याच बाजूचा पुरावा नसते. बायको-पोर नकोशी झालेला माणूस असं म्हणेल, आणि त्यांना डोंगर उतरायचाय म्हणून जीव टांगणीला लागलेला माणूसही तेच म्हणेल. यातलं कोणतं, ते तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं. एम.ए.चा निकाल लागला की, निवांत बसून. त्याआधीच हॉटेलातून निरोप आला. तुम्हाला खाली आणलं ते झाकूनच.

परवा पोशीरला गेले होते. आई भात टाकत होती. मी विचारलं, बाबांना घरी यावंसं वाटायचं का गं? तिने तांदूळ धुणं थांबवलं नाही. म्हणाली, "येतो म्हनायचे, आनि मग शेजारच्या फोनवर निरोप, काम निघालं, मला जेवनात धरू नको. यायचंच नसतं तर फोन कशाला केला असता?" मग तांदळाचं पाणी ओतत म्हणाली, "मी धरायचीच पन."

मला लगेच दुसरं कारण सुचलं. भात फुकट जाऊ नये म्हणूनही माणूस फोन करतो. हे माझं शिक्षण, बाबा, कुठे गप्प बसायचं ते त्याला कळत नाही. मी ते गिळलं, मागे मोरीवर गेले आणि नळ सोडून रडले. एवढं शिकले, दुसऱ्यांच्या मुलांची मनं पडताळून पाहिली, आणि ज्याचं उत्तर मला हवं होतं ते द्यायला फक्त तुम्ही होतात. आता कुणाला कितीही विचारलं तरी ते आईचं उत्तर असेल, नाहीतर माझं.

हे लिहून कुठे टाकणार, तेही मला ठाऊक नाही. उद्या त्या मुलीला सांगायचंय की आपल्याला हवं ते उत्तर आधीच ठरवून बसू नये. सांगेन, नीट समजावून सांगेन. तुम्हाला म्हणून खरं सांगते, मी ठरवून बसले आहे. तुम्हाला यायचं होतं.