एक खाली, एक वर

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २००१

प्रिय सयाजी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि त्यातले फोटो मिळाले. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. सोनम आठवीत आहे आणि आईबापाचं ऐकत नाही. संघप्रियाची बदली शहरातल्याच शाळेत झाली, त्यामुळे आम्हा नवरा-बायकोची सकाळची पळापळ थोडी कमी झाली. मी अजून कागलच्या फाइव्ह स्टारमध्येच. फाइव्ह स्टार म्हटलं की बाहेरच्या पावण्यांना हॉटेल वाटतं. मग सांगावं लागतं की ती एमआयडीसी आहे, आणि तिथं मी पंपांचे सुटे भाग तपासतो.

फोटोत तू काळ्या रबरी कपड्यांत, एका हातात भाला उडवणारी ती बंदूक, दुसऱ्या हातात मासा. आईनं फोटो लांब धरून बघितला आणि केरबाच्या पोरानं नोकरी बदलली का असं विचारलं. नोकरी साखर कारखान्यातच आहे, हा सुट्टीतला उद्योग आहे, असं मी सांगितलं. डर्बनच्या बाजूलाही ऊसच आहे हे ऐकून तिला तुझी कीव आली. पण तिला खरा धक्का बसला तो मिशीचा. तुझी मिशी कुठं गेली? मिशी असली की मास्कच्या कडेनं पाणी आत येतं, हे तू लिहिलेलं कारण मी तिला वाचून दाखवलं. तिला ते पटलेलं नाही. मलाही आरशासमोर उभा राहून विचार करावा लागणार आहे.

आता तुझा बेत. जुलैत तिकडं थंडी, पाणी निवळ, आणि तारली माशांचे थवे किनाऱ्याला येतात, म्हणून जुलै. आधी तोंडात नळी धरून वरच्यावर तरंगायचं आणि खडकातले मासे बघायचे. मग पाठीला हवेची टाकी बांधून खोल. आणि सगळ्यात शेवटी भाला. भाल्याला टाकी चालत नाही, फक्त छातीतला दम, हे मला आवडलं. त्याचा परवाना पोस्टात मिळतो हे वाचून संघप्रिया म्हणाली की आपल्या पोस्टात आधी तिकिटं मिळू देत.

माझ्या शंका अशा. मला आता चष्मा लागला आहे. बिनचष्म्याचा मी पाण्यात मासा समजून तुलाच भोसकायचो. शार्कचा विषय तू एका ओळीत उरकलास, तो जरा सविस्तर लिही. आणि भाल्याचं म्हणशील तर आईनं आधीच ऐकवलं आहे की रोज सकाळी पंचशील म्हणतोस आणि आता जीव मारायला समुद्र ओलांडून निघालास. रविवारच्या मटणाची आठवण मी तिला करून दिली. ते दुसऱ्यानं कापलेलं असतं, म्हणाली.

पोहण्याच्या टाकीवर जायला लागलो आहे. तिथं सकाळी सगळे पेन्शनर असतात. खेळाच्या दुकानातून आणलेला मास्क पोरांच्या खेळण्यातला निघाला, दोन्ही बाजूंनी गळतो. तो मिशीचा दोष नाही.

तुमच्या क्लबातल्या लोकांना तू माझी गोष्ट सांगितलीस म्हणे. आपण दोघं तुमच्या विहिरीत पोहायला शिकलो, आणि एकदा मी एका दमात तळाला जाऊन अडकलेला फुटबॉल मोकळा करून आलो ती. इंजिनाच्या पाइपाच्या तळाला जाळीची झडप असते तिला आपल्याकडे फुटबॉल म्हणतात, हे त्या लोकांना समजावताना तुझी काय तारांबळ उडाली असेल. ते सगळे मला बघायला उत्सुक आहेत, असं लिहिलंस. बरं.

समुद्रात न्यायला बोट ठरवायची म्हणून मार्चअखेर नक्की कळव म्हणतोस. कळवतो.

वहिनींना नमस्कार.

प्रसेनजीत


कोल्हापूर,
८ एप्रिल २००१

प्रिय सयाजी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू ओरडून विचारलंस, "व्हय का न्हाय, येवढंच सांग की." मी म्हटलं आवाज नीट येत नाही. आवाज नीट येत होता.

पासपोर्ट आला आहे. रजा मिळाली आहे. माझ्या नंबरची काच मास्कमध्ये बसवून मिळते असं तू लिहिलंस, तो प्रश्नही मिटला. शार्कबद्दल जे लिहिलंस त्यानं भीती वाढली, पण तिकडची माणसं रोज पाण्यात उतरतात तर मीही उतरेन. टाकीवर रोज जातो. सोनम काठावर बसून माझ्यावर हसते, पण मी तळाला जाऊन बसलो की तिचं हसू थोड्या वेळानं बंद होतं. दम अजून बरा आहे. म्हणजे न यायला सबब एकही उरलेली नाही, आणि तरी मी तुला हो म्हणत नाही. त्याचं कारण लिहितो.

भाल्याच्या शिकारीचा पहिला नियम तू लिहिलास. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. एक खाली, एक वर. वरच्यानं नजर हलवायची नाही, कारण दम संपून खालचा बेशुद्ध झाला तर त्याला ओढून काढणारा तो एकटाच. हे वाचलं आणि मी पत्र बाजूला ठेवलं. जेवलो, पेपर वाचला, पुन्हा पत्र घेतलं.

विहिरीची गोष्ट तू सांगतोस ती अर्धी आहे. आणि तिची सुरुवातही चुकली आहे. मी तुमच्या विहिरीत पोहायला शिकलो नाही. मी शिकलो आमच्या वस्तीमागच्या दगडाच्या खाणीत. तुमच्या विहिरीत मी जन्मात एकदाच उतरलो.

आपण नववीत होतो. तुमचा ऊस वाळायला लागला होता आणि इंजिन पाणी ओढत नव्हतं. तळाला फुटबॉलमध्ये गोणपाट अडकलं होतं. लोखंडी पाइप वर घ्यायला गडी हवेत, आणि गडी मुरगूडच्या बाजाराला गेलेले. विहिरीला तीन पुरुष पाणी. तुमच्यातलं कुणी तेवढं खोल जात नव्हतं. मी खाणीच्या तळातला दगड वर आणतो हे तुला माहीत होतं, म्हणून तू खाणीवर पळत आलास. तुमच्या विहिरीत, मी, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, "चल की. मी हाय नव्हं वर."

खाली पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. गोणपाट एका झटक्यात निघेना. चिंध्या चिंध्या करून ओढलं. वर आलो तेव्हा तू पायरीवर होतास आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी तू खरंच नजर हलवली नव्हतीस, हे मी मान्य करतो. इंजिन लागलं, पाणी आलं. तू घरातून गूळ आणि शेंगा आणल्यास आणि आपण बांधावर बसून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या इंजिनाचा आवाज आला आणि मी बांधावर आलो. ऐकायला आलो, असं म्हणू. खरं तर मिरवायला आलो होतो. पाणी सरीत जात नव्हतं. पाट फोडून ते ओढ्याला सोडलं होतं. ऊस वाळत होता आणि पाणी ओढ्याला चाललं होतं. तुझे आबा काठावर उभे होते. आदल्या दिवशी विहिरीत कोण उतरलं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. विहीर उपसायला काढली होती. मला ते समजायला थोडा वेळ लागला, कारण आधी मला वाटलं, माझंच काहीतरी काम चुकलं. मग इंजिन मध्येच बंद पडलं. ते पुन्हा चालू करायला हँडल मारत होता तो तू.

मीच मोकळा केलेला फुटबॉल, आणि मी बाटवलेलं पाणी त्यातूनच बाहेर. आता कारखान्यात मी तेच फुटबॉल तपासतो. ड्रॉइंगवर त्याचं नाव वेगळं असतं, पण आमचे कामगारही फुटबॉलच म्हणतात. गळका एकही माझ्या हातून पुढे जात नाही. कधी कधी हसू येतं.

आबा आता नाहीत, आणि त्यांच्याकडून मी दुसऱ्या कशाची अपेक्षाही ठेवली नव्हती. राग तुझा आहे. पोरगं होतास, बापापुढं काय बोलणार, हे सगळं तुझ्या वतीनं मी स्वतःला सांगून बसलो आहे. तरी आहे. त्यानंतर तू वर्गात माझ्या शेजारी येऊन बसलास, माझ्या डब्यातलं खाल्लंस, आणि आजतागायत त्यावर एक शब्द नाही. आता त्या विहिरीची मर्दुमकी तू समुद्रापलीकडं सांगतोस आणि मला पाण्यात बोलावतोस.

तेव्हा मला एवढंच कळायला हवं. तू विसरलास, की ते मुद्दाम वगळतोस? विसरला असशील तर मी येत नाही. ज्याला ते हँडल आठवत नाही तो माझ्यावर नजर काय ठेवणार? वगळत असशील तर तसं लिही. मग बघू.

आईला परवा विचारलं, जाऊ का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?" मी म्हटलं, कुणाच्याच नाही. "मग जा की," म्हणाली. तिलाही सगळं आठवतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरातही ह्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

बोट माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस.

प्रसेनजीत


कोल्हापूर,
२० मे २००१

प्रिय सयाजी,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. एवढं लहान पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस, आणि असं गावच्या बोलीतही नाही. "इसरलो न्हाय. हँडल मीच मारत हुतो. तू बांधावर आलेला बघितलं, म्हणून मान वर केली न्हाय. गोष्ट अर्धी सांगतो, कारण उरलेल्या अर्ध्यात मी हाय." बाकी पान कोरं. मी उलटून बघितलं, मागंही काही नव्हतं.

माझी इतकी वर्षं अशी समजूत होती की तू मला पाहिलं नव्हतंस. त्याच आधारावर मी आपली मैत्री निभावली. म्हणजे प्रकरण मला वाटत होतं त्याहून वाईट निघालं. तरी वाचून बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, ते कसं ते मला विचारू नकोस. तू माफी मागितली नाहीस ते एक चांगलं केलंस. मागितली असतीस तर मला लगेच द्यावी लागली असती, आणि आपण दोघंही त्यातून स्वस्तात सुटलो असतो.

पत्र संघप्रियाला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि माझी बॅग माळ्यावरून खाली काढली.

मिशी काढली. गल्लीत सगळे पडलेल्या चेहऱ्यानं विचारायला लागले, घरात कोण गेलं. कुणी नाही, पोहायला चाललोय, असं सांगितलं. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. सोनम म्हणते मी सोललेल्या अंड्यासारखा दिसतो. पण टाकीवर नवा मास्क लावून तळाला गेलो तर आत एक थेंब आला नाही, तेव्हा तुझं म्हणणं खरं ठरलं.

बोट ठरव. आईनं तुझ्यासाठी कांदा-लसणाची चटणी कुटायला घेतली आहे. तिकडच्या विमानतळावर ती काढून घेतात का, हे वेळेवर कळव, नाहीतर माझ्यावर रोष येईल. भाला मी हातात धरणार नाही. आईच्या धाकानं नव्हे, माझं मलाच वाटत नाही. मी नळी लावून तरंगेन, टाकी बांधून खोल जाईन, दम धरून बुड्या मारेन. मासा मारायचा तो तू मार. खायला मी आहे.

एक अट आहे. मी यायच्या आधी क्लबातल्या लोकांना ती गोष्ट पुरी सांग. फुटबॉल समजावलास तसं विहीर उपसणं म्हणजे काय तेही समजाव. जमेल तुला. मला तिथं पोचल्यावर नव्यानं काही सांगायला लागू नये.

आणि दुसरी गोष्ट, तुझ्या नियमाची. पहिल्या दिवशी पहिली बुडी तू मारायचीस. खाली जा, तळ गाठ, दम असेल तेवढा थांब, घाई करू नकोस. मी वर असेन. मान खाली घालून तुझ्याकडेच बघत असेन.

तुझा, वर थांबलेला,
प्रसेनजीत