वरच अडकलेला तिरंगा

आप्पा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षे झाली, आणि लिहायला आज बसले आहे. मुक्तिसंग्राम दिनाला मी प्राचार्य आहे त्या महाविद्यालयातला तिरंगा खांबाच्या टोकाशी गुंडाळलेलाच अडकून राहिला. पाहुण्यांनी तीनदा दोरी ओढली. मागच्या रांगेतली मुले हसू लागली. शेवटी शिपाईमामांनी झेंडा उतरवला, गाठ सोडवली आणि पुन्हा चढवला. असा प्रमाद मी दुसऱ्या कुठे पाहिला असता, तर तिथल्या प्राचार्यांना तिथल्या तिथे सुनावले असते.

आपल्या खेड्यातल्या, गोरेगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला ध्वजाचा इतिहास शिकवलात, तो दिवस आठवतो. फळ्यावर तीन पट्टे, पुढे त्यांचे अर्थ: त्याग, सत्य, मातीशी नाते. चक्राचे चोवीस आरे सर्वांत आधी मी मोजले. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीने चक्राच्या जागी चरखा काढला होता. मी तिची पाटी उंच धरून वर्गभर दाखवली. तुम्ही जवळ आलात, पाटी काढून घेतलीत. "तिच्या आज्यानं धान्याच्या कणगीत लपवला त्या झेंड्यावर चरखाच होता. देश सुटला, तरी निजामाच्या राज्यात आपल्याला तो वर्षभर बाहेर काढता येत नव्हता. तू पुस्तक वाचलंस, तिनं घरी ऐकलं. माग माफी." मी मागितली नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले, आणि चूक तुमचीच आहे असे मनात घोकत राहिले.

झेंडा गेली तीस वर्षे मामाच बांधतात. त्या सकाळी त्यांची गाठ मला सैल वाटली. वाऱ्याने आतली फुले आधीच गळतील, म्हणून मी ती सोडली आणि स्वतः, एक वेढा जास्त देऊन, पुन्हा बांधली. हे आम्हा दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. संस्थेने विचारणा केली, तेव्हा मामांच्या नावे नोटीस निघाली. तिच्यावर सही माझी आहे. मामांनी उत्तरात चूक कबूल केली. मी त्यांना बोलावले.

"मामा, हे का लिहिलंत?"

"माझे चारच महिने राह्यले, म्याडम. तुमचं नाव मोठं हाय." मग हसून म्हणाले, "झेंडा तरी काय करंल? म्याडमची गाठ, परवानगीबिगर सुटंल व्हय!"

मला हसता आले नाही. त्यांचा कबुलीजबाब माझ्या टेबलावर आहे. पुढे पाठवला, तर निवृत्तीच्या तोंडावर एका निर्दोष माणसाच्या सेवापुस्तकात शेरा पडेल. अडवला, तर का अडवला ते सांगावे लागेल. मुदत उद्याची आहे. संस्थेला चार ओळी लिहायच्या, त्यांचे सकाळपासून सहा मसुदे झाले. भाषेत कुठे बोट ठेवायला जागा नाही. एकात वारा आहे, एकात जुनी दोरी, एकात पाहुण्यांची घाई. मी कुठल्याच मसुद्यात नाही.

हे पत्र कुठे पोहोचणार नाही, म्हणूनच यात खरे लिहिता आले. तुम्ही असता, आप्पा, तर तुम्हालाही मी वाऱ्याचेच सांगितले असते.